वाळल्या कोळशावरचं झाकण

कोळसा म्हटलं की लोकांना काळाकुळकुळीत दगड आठवतो. या कारखान्यात येणारा कोळसा तसला नव्हता. तो तपकिरी होता, ओलाकच्च होता, आणि खाणीतून आला की नखानं ओरखडा काढता येईल इतका मऊ. खरं तर पुरता कोळसा व्हायच्या आधीच कुणीतरी घाई करून त्याला उकरून काढलेलं. काही ढेकळांत लाकडाच्या रेषासुद्धा दिसायच्या. वजनात जवळजवळ निम्मं पाणी. असला कोळसा तसाच पेटवायला गेलं तर तो आधी धुमसतो, मग पेटवणाऱ्याला रडवतो आणि शेवटी स्वतःच विझून जातो. म्हणून त्याला आधी वाळवायचं आणि मग दाबून त्याच्या विटा पाडायच्या, हा तिथला धंदा.

वाळवण्याचं काम ड्रमचं. आख्खी बस आत मावेल एवढा आडवा लोखंडी ड्रम, दिवसभर घरघरत फिरणारा. एका तोंडानं ओला माल आणि गरम धूर आत, दुसऱ्या तोंडानं वाळलेला माल बाहेर. पाणी निघून गेलं की हा कोळसा आक्रसतो. आणि आक्रसतो तोही सरळपणानं नाही. बाहेरून वाळून घट्ट होतो तेव्हा आतून ओलाच असतो, मग अंगावर तडे जातात. मुठीएवढं ढेकूळ आत गेलं तर बाहेर त्याचे तुकडे येतात, आणि तुकडा चिमटीत धरावा तर हातात भुगा. वाळवायची जितकी घाई, तितका भुगा जास्त.

बरं, एवढ्यावर थांबेल तर तो कोळसा कसला! पाणी गेलं त्या जागी बारीक बारीक भोकं उरतात आणि ती भोकं उपाशी असतात. पाणी मिळालं की ते परत ओढून घेतात आणि ओढताना तापतात. पाणी नाही मिळालं तर हवा खातात. बंद बंकरमध्ये, म्हणजे माल साठवायच्या उंच लोखंडी कोठीत, वाळलेला माल ठेवला की आतल्या हवेतला जीव तो गुपचूप खाऊन टाकतो. वास नाही, रंग नाही, धूर नाही. वरून पाहणाऱ्याला वाटावं, काय निवांत पडलाय बिचारा. त्या हवेत माणूस उतरला तर दोन-चार श्वासांत त्याचे गुडघे मोडतात, खोकायलासुद्धा सवड मिळत नाही.

हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याची किंमत आधीच मोजून झाली होती. एक वेल्डर खाली पडलेला पाना आणायला शिडीनं उतरला. तो वर येईना म्हणून त्याचा दोस्त ‘काय रे, झोपलास का?’ असं हसत हसत ओरडत मागोमाग उतरला. दोघांना एकाच वेळी बाहेर काढलं. तेव्हापासून नियम झाला: बंकरमध्ये कुणी उतरायचं तर आधी पंख्यानं ताजी हवा सोडायची, कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, आणि वर झाकणापाशी एक माणूस बसवायचा. त्यानं जागा सोडायची नाही आणि काहीही झालं तरी स्वतः आत उतरायचं नाही. त्याच्या हाताशी दोराची चरखी आणि लांब दांड्याचा आकडा. आतल्या माणसानं लोखंडावर एकदा ठोकलं तर ठीक आहे, दोनदा ठोकलं तर दोर सोड, आणि तीनदा ठोकलं तर वर ओढ. तीनदा ऐकलं की विचारायचं नाही, बघायचं नाही, ओढायचं.

या कामावर जो माणूस होता त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. सगळे त्याला झाकण्या म्हणत. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, लग्न झालेलं नाही. ‘बायको आली तरी तिनं तीन ठोके दिल्याशिवाय हा तिला माहेरी सोडायचा नाही,’ असं बांधणीच्या शेडमधल्या बाया म्हणत आणि खिदळत. झाकण्या त्यावरही मंद हसायचा. त्याला राग येतो हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्या हातात दोर असला की आत उतरणारे गडी घरच्यांशी बोलावं तसं मोकळेपणानं बोलत उतरायचे.

त्याची ताई त्याच कारखान्यात बांधणीच्या शेडमध्ये पोती शिवायची. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, म्हणून झाकण्याला वाढवलं ते तिनं. त्याचं शेंबडं नाक पुसलं, त्याच्यासाठी गल्लीतल्या टग्यांशी मारामाऱ्या केल्या, आणि तो कामाला लागल्यावरच स्वतःचं लग्न केलं. नवरा निवडला तोही याच कारखान्यातला. तो ड्रम चालवायचा. झाकण्या त्याला दाजी म्हणे, मग सगळेच म्हणायला लागले. अख्ख्या कारखान्याचा दाजी! आडदांड, गोरागोमटा, हजरजबाबी. कुणाच्या मुलाला ताप आला तर हा दवाखान्यात आधी हजर. असा माणूस घरी जाऊन बायकोला तुडवतो हे कुणाला सांगून पटलं नसतं, आणि ताई कुणाला सांगतही नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू यायचं ते ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणून रेडिओ मोठा करायचे. अशा शेजाऱ्यांना देव कान कशाला देतो कोण जाणे.

झाकण्याला ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला संशय होता. ताईचा सुजलेला गाल त्यानं पाहिला होता, ‘दारावर आपटले रे’ हे ऐकलं होतं, आणि दाराला मनातल्या मनात शिव्या घालून तो परत झाकणापाशी येऊन बसला होता. दार आहे म्हणून समजायचं, कारण दार नसेल तर काहीतरी करावं लागलं असतं.

त्या दुपारी तो बंकरच्या छतावर माल किती भरलाय ते मापत होता. झाकण उघडं, दोरीला बांधलेलं वजन आत सोडलेलं. खालून बांधणीच्या शेडमधली एक म्हातारी बाई ओरडली, “अरे झाकण्या! तुझ्या ताईकडे बघ की जरा येऊन! की वरूनच बघणारेस जन्मभर?”

तो उतरला. आयुष्यात पहिल्यांदा झाकण उघडं टाकून उतरला.

ताई शेडच्या कोपऱ्यात एका हातानं पोतं शिवत होती. दुसरा हात जुन्या फडक्याच्या झोळीत, कोपरापासून खाली विचित्र वळलेला, बोटं निळी पडलेली. खालचा ओठ फाटलेला. गळ्यावर चार बोटांच्या खुणा एका बाजूला आणि अंगठ्याची एक दुसऱ्या बाजूला. ती सुई दातात धरून दोरा ओवत होती. झाकण्याला पाहून तिनं सुई खाली ठेवली.

“पडले,” ती म्हणाली.

“गळ्यावर पडलीस?”

म्हातारीनंच सांगितलं, रागानं, भराभरा. कारखान्यातून घरगुती वापराला मिळणारी वाळल्या कोळशाची पोती दाजीनं ड्रममधून निघाल्या निघाल्या गरम गरमच घरी नेली आणि चुलीमागं रचली. वर दोरीवर ताईनं धुणं वाळत घातलं. धुण्याचं पाणी रात्रभर पोत्यांवर ठिबकत राहिलं. कोळसा ते पाणी पीत गेला, तापत गेला, आणि सकाळी पोत्यांनी आतून पेट घेतला. शेजारी दाजीचे नवे कोरे बूट ठेवलेले. आग ताईनंच माती टाकून विझवली, घर वाचवलं. पण बूट गेले. आणि दाजीनं चुलीतली सळई उचलली.

“गरम पोती कुणी रचली?” झाकण्यानं विचारलं. आवाज अगदी शांत.

“जाऊ दे रे,” ताई म्हणाली. “त्याचा स्वभावच तसा आहे. डॉक्टरकडे जाऊन येते मी संध्याकाळी. तू काही करू नकोस, माझी शपथ आहे तुला.”

पण झाकण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आयुष्यभर साठवलेला राग, तोही एकदम. त्यानं शेडच्या दाराशी टेकवलेला पाईपचा पाना उचलला, हातभर लांबीचा, आणि ड्रमच्या जिन्याकडे निघाला. मागून ताईनं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

दाजी ड्रमच्या शेवटच्या तोंडापाशी फावड्यानं सांडलेला भुगा सारत होता. शीळ घालत होता. मेहुण्याला पाहून नेहमीसारखा हसला.

“या या! आज झाकण सोडून सूर्य इकडे कुठं?”

“कुठल्या हातानं मारलंस?”

“आँ?”

“कुठल्या हातानं?”

दाजीचं हसू मावळायच्या आत पाना त्याच्या खांद्यावर बसला. हाड कडकन वाजलं. दाजी कळवळला, पण पडला नाही. त्यानं फावडंभर गरम भुगा झाकण्याच्या तोंडावर उधळला आणि त्यामागोमाग फावडंच हाणलं. झाकण्याचे डोळे चरचरले, कानशिलावरून रक्त ओघळलं. आंधळ्यासारखा तो पुढं घुसला. दाजीनं त्याला मिठीत पकडलं आणि कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. नाक चेपलं गेलं. झाकण्या खाली पडला तसा दाजी त्याच्या फासळ्यांत लाथा घालू लागला, एकामागून एक, सवयीनं. कुठं मारलं म्हणजे जास्त दुखतं हे त्याच्या पायांना पाठ होतं. झाकण्याला त्या मारातही हे कळलं की हे सगळं आधी ताईच्या अंगावर गिरवलेलं आहे.

त्यानं दाजीची पोटरी धरली आणि दात रोवले. दाजी किंचाळून कठड्यावर कलंडला, तोल सावरायला त्यानं उजवा हात कठड्याच्या लोखंडी नळीवर टेकला. झाकण्यानं तिथंच पाना घातला. एकदा, परत एकदा, आणि परत. मनगट चेचून बोटं फाकली. ड्रमच्या घरघरीतही ती आरोळी ऐकू गेली असती, पण ऐकायला कोण होतं? सगळे प्रेसच्या शेडमध्ये विटांच्या खडखडाटात.

“वेडा झालास! वेडा झालास तू!” दाजी मागं मागं सरकत ओरडला. एवढा आडदांड गडी, पण त्याची पाचावर धारण बसली. मार देणाऱ्याला मार खायची सवय नसते. तो वळला आणि लोखंडी फळ्यांच्या अरुंद वाटेनं बंकरच्या छताकडे पळत सुटला. झाकण्या लंगडत मागं.

छतावर पुढं वाट नव्हती. पलीकडच्या जिन्याच्या फाटकाला कुलूप होतं, दुरुस्तीसाठी. मागं झाकण्या, हातात रक्ताळलेला पाना. आणि मधोमध बंकरचं उघडं झाकण. दाजीनं क्षणभर मागं पाहिलं, खाली पाहिलं, आणि छातीभर श्वास घेऊन शिडीवर पाय टाकला.

त्याचा हिशेब सोपा होता. बंकरला निम्म्या उंचीवर बाजूनं एक दार असतं, सफाईवाल्यांसाठी. त्या दिवशी सफाई ठरलेली होती, म्हणजे दार उघडं असणार. श्वास धरायचा, भुग्यावरून पलीकडे जायचं, दारातून बाहेर. आतल्या हवेची ज्याला पुरती माहिती आहे त्याच्याच डोक्यात असली अक्कल येऊ शकते, अडाणी माणूस असल्या फंदात पडत नाही. दाजी फक्त एक गोष्ट विसरला. ड्रम थांबवायला लागू नये म्हणून सकाळीच त्यानं साहेबांच्या मागं लागून सफाई पुढं ढकलायला लावली होती. दाराला बाहेरून कडी होती.

झाकण्या काठाशी येऊन पोचला. खालच्या अंधारात दाजी भुग्यात मांडीपर्यंत रुतत, हात मारत दाराकडे चाललेला दिसला. वाळून चूर झालेला तो माल पायाखाली पिठासारखा सरकत होता. दाजी दारापर्यंत पोचला. त्यानं खांद्यानं धक्का दिला. परत दिला. मग वळून वर पाहिलं, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आणि तो शिडीकडे परत येऊ लागला.

झाकण्यानं झाकण पाडलं आणि त्यावर बसला.

विचार वगैरे काही नव्हता. हात पुढं झाला, लोखंड आदळलं, आणि त्याचं बूड त्यावर टेकलं. जागा तीच होती, बसायची रीत तीच. नाकातून गळणारं रक्त त्यानं बाहीला पुसलं. शिडीवर धडपड ऐकू आली, मग झाकणाखाली, अगदी त्याच्या मांडीखाली, जोरजोरात श्वास. झाकण मघापासून उघडं होतं त्यामुळं वरच्या हातभर थरात अजून बरी हवा होती. शिडीच्या टोकाशी तोंड वर करून लटकलं तर ती थोडा वेळ पुरली असती.

“मेहुण्या,” खालून आवाज आला. “उघड.”

झाकण्यानं दोन्ही हातांनी झाकणाची कड धरली.

“अरे हात मोडलास ना माझा? झालं! फिट्टंफाट! उघड आता.” धाप. “तुझ्या बापाचं राज्य आहे का रे, भडव्या? उघड म्हणतो ना!” झाकणावर आतून एक गुद्दा बसला. मग आवाज मवाळ झाला. सुंभ जळला तरी पीळ जातो कुठं, दाजी हसायचा प्रयत्न करत होता. “अरे माझ्या राजा, झाकण्या नाव ठेवलं म्हणून इतकं मनावर घेतात का? ऐक. तुझ्या ताईची शपथ. तिला बोट लावणार नाही परत.”

ताईचं नाव त्या तोंडातून आलं तसा झाकण्या आणखी जड होऊन बसला.

तेवढ्यात फळ्यांच्या वाटेवर पावलं वाजली. ताई. एका हातानं कठडा धरत, धापा टाकत, पदर ओघळलेला. ती जवळ आली, झाकण्याचं चेपलेलं नाक पाहून तिनं तोंडावर हात घेतला.

“अरे देवा! कुठाय तो? काय केलंस तू? खाली पाडलंस का त्याला?”

झाकण्यानं मानेनंच खाली झाकणाकडे दाखवलं. झाकणाखालून गुद्दा आला. “कोण आहे? अगं तू आहेस का? सांग गं याला! मरतोय मी!”

झाकण्याला वाटलं, आता ही अंगावर धावून येईल. नेहमीसारखी नवऱ्याची बाजू घेईल, रडेल, उघड म्हणेल. आणि खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट पाहत होता. तिनं म्हटलं असतं तर तो उठला असता. राग निवू लागला होता, आणि आपण काय करून बसलोय ते त्याला दिसायला लागलं होतं.

ताई झाकणाकडे बघत राहिली. मग हळूच वाकली आणि त्याच्या शेजारी झाकणावर बसली.

“सरक थोडा,” ती म्हणाली.

“ताई?”

“तू तुरुंगात जाशील म्हणून धावत आले मी. जिना चढेपर्यंत तेवढंच डोक्यात होतं.” तिनं मोडका हात मांडीवर नीट ठेवला. “आता बसले तर किती बरं वाटतंय रे. हात पण दुखत नाहीये.”

खालून दाजी तिला हाका मारत होता. लाडाची नावं घेत होता, जी झाकण्यानं कधी ऐकली नव्हती. मध्येच शिव्या, मध्येच पुन्हा लाड. शब्द तुटत चालले होते.

“ताई, पुरे. घाबरलाय तो. उठ, उघडू.”

“नको.”

“मरेल अगं.”

“मग?” तिनं भावाकडे पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत. “उघडलंस की हा रडेल. चारचौघांत माझ्या पाया पडेल. सगळे म्हणतील सुधारला हो, किती केलं तरी नवरा आहे. मग हात बरा होईल त्याचा. आणि तू मोडलेल्या हाताचा हिशेब तो माझ्याकडून घेईल, घरात, दार लावून. तेव्हा तू कुठं असशील? दुसऱ्या कुणाचा दोर धरून बसला असशील इथं. बूट जळाले म्हणून हात गेला, बाबा. या वेळी जीव जाईल.”

तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. झाकण्याला ते माहीत होतं. ऊन झाकणावर पडलं होतं, लोखंड तापलं होतं, आणि ती दोघं भावंडं लहानपणी ओट्यावर बसायची तशी एकमेकांना टेकून बसली होती.

खालचं बोलणं थांबलं. नुसती घरघर. मग तीही मंद झाली.

आणि मग ठोके आले. गुद्दे नव्हेत. बोटाच्या पेरानं किंवा अंगठीनं, लोखंडावर, सावकाश. एक. दोन. तीन.

झाकण्या उठून उभा राहिला. त्यानं ठरवलं नाही, त्याचं अंगच उठलं. ते तीन ठोके आत कुणी दिले, तो माणूस चांगला की नीच, हे त्याच्या हातांना कधी शिकवलंच नव्हतं. एवढी वर्षं त्या तीन ठोक्यांवर माणसं त्याच्याकडे जीव सोपवून खाली उतरली होती.

“ताई, सरक.”

ती झाकणावर पालथी पडली. चांगल्या हातानं तिनं झाकणाची कडी घट्ट धरली. “नाही. नाही. तुला माझी आण आहे.”

“ताई, तीन झाले! सरक!”

त्यानं तिचा खांदा ओढला. ती हलेना. तिची बोटं कडीवरून एक एक करून सोडवायला लागला तर तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. आत काहीतरी जड घसरत गेलं आणि धप्पकन भुग्यावर पडलं. ते ऐकून झाकण्याचं भान सुटलं. त्यानं ताईला मारलं. उघड्या पंजानं, कानावर, पूर्ण जोर लावून. तिचं डोकं लोखंडावर आपटलं, तरी कडी सुटेना. मग त्याच्या हाताला जे सापडलं ते त्यानं धरून ओढलं, आणि सापडली ती झोळी, आणि झोळीत मोडका हात. त्यानं तो धरून तिला फरफटत बाजूला फेकलं. ती किंचाळली नाही, तिच्या तोंडून नुसता वारा गेल्यासारखा आवाज आला.

झाकण उघडलं. तोंड बाजूला ठेवून, श्वास रोखून त्यानं आत पाहिलं. दाजी शिडीच्या पायथ्याशी तोंड वर करून पडलेला, अर्धा भुग्यात बुडालेला. झाकण्या आत उतरला नाही. त्या धांदलीतही नियम मोडला नाही. आकडा सोडला, दाजीच्या पँटच्या पट्ट्यात अडकवायचा प्रयत्न केला, सुटला, परत अडकवला. दांड्याच्या कडीला दोर बांधला आणि चरखी फिरवायला लागला. मोडक्या फासळ्या आत टोचत होत्या. तो रडत होता आणि फिरवत होता. वर आलं ते तपकिरी भुग्यानं माखलेलं एक गाठोडं, डोळे पांढरे, जीभ बाहेर. त्यानं ते छतावर लोळवलं, तोंडातला भुगा बोटानं काढला, आणि छातीवर दोन्ही हातांनी दाबायला लागला. दाब, दाब, फुंक. दाब, दाब, फुंक. ज्या तोंडावर थुंकावं त्या तोंडात आपला श्वास घालत राहिला.

शेवटी दाजी खोकला. ओकला. घुसमटत श्वास ओढला.

प्रेसच्या शेडमधून माणसं धावत आली होती. बांधणीतली म्हातारीही. स्ट्रेचर आलं. कुणीतरी झाकण्याच्या पाठीवर थाप मारली. “वाचवलंस गड्या! झाकण्या, तू होतास म्हणून!” कुणी त्याच्या नाकाला फडकं लावलं. एकानं विचारलं, “पण हा आत गेलाच कसा?” दाजीनं स्ट्रेचरवरून डोळे किलकिले केले, मेहुण्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही. काही न बोलण्यात त्याचं किती भलं आहे ते त्याला त्या अवस्थेतही कळलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लोक स्ट्रेचर घेऊन गेले. झाकण्या मागं वळला.

ताई कठड्याला पाठ लावून बसली होती, जिथं त्यानं फेकलं तिथंच. कानातून रक्ताची बारीक धार. मोडका हात आता झोळीबाहेर लोंबत होता, तो तिनं सावरलाही नव्हता. तो तिच्याकडे गेला, गुडघ्यावर बसला.

“ताई, चल. दवाखान्यात जाऊ. आता माझ्याकडेच राहायचं, त्याच्याकडे जायचं नाही. मी बघतो त्याला. ताई?”

त्यानं तिला उठवायला हात पुढं केला. तिचा चांगला हात झटकन वर आला आणि तिनं डोकं त्याच्याआड घातलं. अंग आक्रसून ती कठड्याला चिकटली, जितकं लहान होता येईल तितकी लहान झाली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “नाही करणार परत. मारू नका.”

ती त्याला ‘अरे’ म्हणायची, ‘बाबा’ म्हणायची, रागावली तर ‘मूर्खा’ म्हणायची. ‘नका’ असं ती त्याला जन्मात कधी बोलली नव्हती. झाकण्याचा हात तसाच हवेत राहिला, आणि तो मागं घ्यावा की पुढं न्यावा हे त्याला कळेना.